तीन साहेब, एक सहायक

प्रश्न : मी तीन विभागप्रमुखांची सहायक आहे. प्रत्येकाचं काम 'तातडीचं'. एकाचं हातात घेतलं की दुसरे नाराज. काय करावं?

उत्तर : 'तातडीचं' हा शब्द नोंदवूच नका. काम घेतानाच विचारा, "हे पुढे कोणाकडे जाणार, किती वाजता?" बरेचदा 'आत्ता'चं 'उद्या सकाळी' होतं. तिघांच्या कामांची यादी एकच ठेवा, तिघांना दिसेल अशी : काम, कोणाचं, मुदत, लागणारा अंदाजे वेळ. गोपनीय कामाचं नाव न लिहिता फक्त वेळ अडवा. तीन वह्या केल्यात तर टक्कर शेवटच्या क्षणी कळते.

समजा, अकरा वाजले आहेत. अहवाल तपासायला दीड तास लागेल, सादरीकरणाला दोन. दोन्ही एकच्या आत हवीत. हातात वेळ दोनच तास. इथे निवाडा तुम्ही करू नका, पक्षपाताचा ठपका तुमच्यावरच येतो. दोघांना एकच निरोप पाठवा : "एकपर्यंत यातलं एकच होईल. दुसरं अडीच ते तीनच्या दरम्यान मिळेल. आधी कोणतं, ते आपसांत ठरवून कळवावं." उत्तर आलंच नाही तर? त्यासाठी नियम आधीच तिघांकडून लेखी मान्य करून घ्या. उदाहरणार्थ, बाहेर जाणारं काम आधी.

आठ तासांच्या दिवसात पाच-साडेपाच तासांचीच कामं लावा. उरलेला वेळ फोन आणि "जरा एक मिनिट" खातातच.