1957 च्या लोकसभेत संयुक्त महाराष्ट्र समितीचे खासदार किती होते?

प्रश्न असा आहे: "दुसऱ्या लोकसभेच्या पक्षवार यादीत संयुक्त महाराष्ट्र समितीचं नाव कुठेच सापडत नाही. मग समितीचे खासदार नेमके किती होते? आणि काँग्रेसचं एवढं बहुमत असताना त्यांचा उपयोग तरी काय झाला?"

नाव सापडणार नाही, कारण ते यादीत नाहीच. समिती हा पक्ष नव्हता; मुंबईसह मराठी भाषकांचं राज्य मागणाऱ्या पक्षांची ती आघाडी होती. निकालाच्या तक्त्यात 494 जागा आहेत. काँग्रेस 371, कम्युनिस्ट 27, प्रजासमाजवादी 19, जनसंघ 4, छोटे पक्ष मिळून 31 आणि अपक्ष 42. समिती या सगळ्या रकान्यांत विखुरलेली आहे, काँग्रेसचा रकाना सोडून. उमेदवार समितीचा, पण चिन्ह आणि नोंद आपापल्या पक्षाची, असा तो मामला होता. वर तुम्ही "महाराष्ट्र" शोधत असाल तर तोही मिळायचा नाही. तेव्हा कच्छपासून चांद्यापर्यंत (आजचं चंद्रपूर) पसरलेलं मराठी-गुजराती द्विभाषिक मुंबई राज्य होतं, 66 जागांचं. त्यातल्या 38 काँग्रेसने घेतल्या. उरलेल्या 28 म्हणजे समिती असा हिशेब मात्र करू नका. त्यात गुजरातेतले लोकही आहेत. अहमदाबादेतून निवडून आलेले इंदुलाल याज्ञिक महागुजरातवाले, त्यांना वेगळं राज्य हवं होतं ते त्यांचं.

समितीचे म्हणून जे ओळखले गेले त्यांची नावं बघा, म्हणजे गंमत कळेल. मुंबई मध्यमधून डांगे, कम्युनिस्ट. साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील, तेही कम्युनिस्टांच्या तिकिटावर. ठाण्यातून शामराव परुळेकर. पुण्यात नानासाहेब गोरे, प्रजासमाजवादी. गोव्याच्या सत्याग्रहात पोर्तुगिजांच्या तुरुंगात होते, सुटून आले आणि लगेच काँग्रेसच्या काकासाहेब गाडगीळांसारख्या माणसाला पाडलं. राजापुरात नाथ पै. नाशिकला दादासाहेब गायकवाड आणि कोपरगावला बी. सी. कांबळे, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे. कुलाब्यात राजाराम राऊत, शेतकरी कामगार पक्षाचे. हा कुलाबा म्हणजे पहिल्या लोकसभेत चिंतामणराव देशमुखांचा मतदारसंघ; मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रीपद सोडलं ते देशमुख. आणि धुळ्यात उत्तमराव पाटील, रत्नागिरीत प्रेमजीभाई आसर. हे दोघे जनसंघाचे, म्हणजे आजच्या भाजपच्या आधीच्या पक्षाचे.

या शेवटच्या नावासाठीच मी उत्तर लिहायला बसलो आहे.

जनसंघाचे त्या लोकसभेत एकूण चार खासदार. बलरामपूरचे वाजपेयी आणि हरदोईचे एक, हे उत्तर प्रदेशातले. बाकीचे दोन म्हणजे अर्धा पक्ष धुळे आणि रत्नागिरीचा. माझा आतेभाऊ, हल्ली ठाण्याला असतो, त्याने आमच्या घरच्या ग्रुपवर ही चार नावं टाकली आणि खाली लिहिलं, "रत्नागिरी 1957 पासून आमचीच." त्याला मी जे उत्तर दिलं ते त्याने वाचलंही नाही, नुसता अंगठा पाठवला. तर तेच आता इथे सविस्तर.

आमचं गाव संगमेश्वराकडचं. वडील, आप्पा, तेव्हा पंचविशीतले, एका पेढीवर कारकून. समाजवाद्यांच्या राष्ट्र सेवा दलात वाढलेले, पक्के प्रजासमाजवादी. संघाच्या शाखेवर जाणाऱ्यांशी त्यांचं बोलणं असे, पण वाद घालण्यापुरतं. समितीच्या वाटपात रत्नागिरी जनसंघाला गेली तेव्हा आप्पा दोन दिवस घरी जेवले नाहीत असं आजी सांगायची. (आजीच्या गोष्टीत जो रागावेल तो दोन दिवस जेवत नसे, तेव्हा यातलं निम्मं घ्या.) पण मग समितीचे नेते एस. एम. जोशींचा शब्द म्हणून निघाले. पायीच. गाडीवाट होती तिथे बैलगाडी, नाहीतर साकव ओलांडून वाडी ते वाडी.

आजच्या लोकांना त्या प्रचारातली खरी अडचण सांगूनही पटत नाही. 1957 ला मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं, आणि आपण आडोशाला जाऊन कागद त्या पेटीत टाकायचा. काँग्रेसची बैलजोडी. शेतकऱ्याला बैलजोडी सोडून दुसऱ्या पेटीत कागद टाक म्हणून सांगणं किती कठीण असेल बघा. आप्पांच्या पक्षाचं चिन्ह झोपडी. ती त्यांनी 1952 नंतर पाच वर्षं लोकांच्या डोक्यात बसवत आणलेली. आता सांगायचं होतं की झोपडी विसरा, लोकसभेला जनसंघाची पणती. विधानसभेचं मतदानही त्याच वेळचं, म्हणजे दोनदा पेट्या शोधायच्या. बरं, शेजारच्या राजापूर मतदारसंघात नाथ पैंची झोपडीच होती, त्यामुळे ज्या बायकांची माहेरं तिकडची त्या म्हणत, आमच्या भावाकडे तर झोपडी सांगतायत. आप्पांनी यावर वाक्य काढलं, "यंदा झोपडीत पणती लावायची." ते इतकं चाललं की पुढे पन्नाशी उलटल्यावरही बाजारात कोणी म्हातारा भेटला की त्यांना तेच ऐकवायचा.

मुंबईची पत्रं यायची ती वेगळीच. प्रत्येक वाडीतले दहा-वीस चाकरमानी गिरणीत. त्यांनी 1956 च्या जानेवारीत आंदोलकांवर पोलिसांनी केलेला गोळीबार डोळ्यांनी पाहिलेला, काहींच्या चाळीतली माणसं गेलेली. पत्रात पैशांच्या हिशेबाखाली एक ओळ असायची, मत समितीला. कोणता पक्ष, कोण उमेदवार, काही नाही. ज्याला वाचता येत नसे तो पत्र घेऊन आप्पांकडे यायचा आणि विचारायचा, समितीची पेटी कुठची? आप्पा सांगायचे, पणती.

प्रेमजीभाई निवडून आले. लाल बावटावाले, सेवादलवाले, निळ्या झेंड्याखालचे आणि शाखेवाले, सगळ्यांनी मिळून आणले.

आतेभावाचे वडील, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. तात्या शाखेवर जाणारे. त्या प्रचारात ते आणि आप्पा एकत्र हिंडले, आणि लग्नही पुढे त्याच ओळखीतून जमलं. पण निकालानंतर जो वाद सुरू झाला तो दोघांच्या म्हातारपणापर्यंत चालला. तात्या म्हणायचे, "आप्पा, तुम्ही कितीही म्हणा, माणूस आमचा होता म्हणून आला. तुमच्याकडे रत्नागिरीत उभा करायला होतं कोण?" आप्पा म्हणायचे, "तात्या, तुमच्या शाखेवर माणसं किती होती सांगा. तेवढ्या मतांत ग्रामपंचायतही येत नाही." आत्या मधे चहा आणून ठेवायची आणि वाद 1956 च्या सहा फेब्रुवारीला, पुण्याला टिळक स्मारक मंदिरात समिती स्थापन झाली त्या दिवसापर्यंत मागे जायचा. तिथे केशवराव जेधे होते ना, मग ते वर्षभरात काँग्रेसकडून बारामतीत उभे राहून निवडून कसे आले, असा तात्यांचा ठरलेला टोला. आप्पांकडे याला उत्तर नसायचं, ते विषय बदलून प्रतापगडावर न्यायचे. नेहरू शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले तेव्हा समितीच्या निदर्शनांत आप्पा काळा झेंडा घेऊन पोलादपूरच्या बाजूने गेले होते. तात्या त्या दिवशी तापाने आजारी होते. तो ताप खरा की खोटा, हा आमच्याकडचा आणखी एक न संपलेला वाद.

आता माझं मत सरळ सांगतो. आप्पांचं बरोबर होतं, आणि पुरावा 1962 चा आहे. 1 मे 1960 ला राज्य मिळालं, समितीचं काम संपलं, पक्ष आपापल्या वाटेने गेले. पुढच्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या 44 पैकी 41 जागा काँग्रेसने मारल्या. रत्नागिरीत काँग्रेसच्या शारदा मुखर्जी आल्या, आणि 1967 ला परत त्याच. जनसंघाची पणती पुन्हा पेटली नाही. शेजारी राजापुरात मात्र नाथ पै 1962 लाही आले आणि 1967 लाही. म्हणजे राजापुरात माणूस निवडून आला होता आणि रत्नागिरीत समिती. "1957 पासून आमची" म्हणणाऱ्याने मधली वर्षं कुठे ठेवायची ते सांगावं.

तुमच्या आकड्याबद्दल. जो कोणी एकच आकडा देईल त्याला विचारा, कोणत्या तारखेचा? लोकसभा एप्रिल 1957 ते मार्च 1962 चालली आणि तेवढ्यात यादी सारखी हलली. फेडरेशनचे म्हणून निवडून आलेले गायकवाड, कांबळे 3 ऑक्टोबर 1957 ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाल्यावर रिपब्लिकन झाले. एका तक्त्यात ते एका नावाखाली, दुसऱ्यात दुसऱ्या. केशवराव जेधे 1959 ला वारले, बारामतीची पोटनिवडणूक झाली. 1960 ला तर मुंबई राज्यच फुटलं, 44 जागा महाराष्ट्राच्या आणि 22 गुजरातच्या. त्याच खासदाराचं राज्य मुदतीच्या मधेच बदललं. शिवाय 403 मतदारसंघांतून 494 खासदार, कारण 91 मतदारसंघ दोन-दोन जागांचे होते, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मुंबई मध्य, कोल्हापूर हे असेच. मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकालाच देता येत नसत. ही पद्धत 1961 च्या कायद्याने गेली. मतदारसंघ मोजून खासदार काढायला बसलात तर फसाल. आणि सभागृहातली डोकी मोजली तर 494 पेक्षा जास्त भरतील, कारण जम्मू-काश्मीरचे सहा जण निवडणुकीने नव्हे तर राष्ट्रपतींच्या नेमणुकीने येत, अँग्लो-इंडियन दोघे तसेच.

तेव्हा मतदारसंघवार यादी घ्या, प्रत्येक नावापुढे तो 1957 ला कोणाच्या पाठिंब्याने उभा होता ते लिहा, आणि 1962 ला तिथे कोण आलं तेही लिहा. तीन रकाने पुरतात. तेवढे कष्ट न घेता ग्रुपवर चार नावं टाकणारे लोक असतात, त्यांच्यासारखं करू नका.

उपयोग काय झाला, याचं उत्तर थोडक्यात. मतदानात काही नाही. 371 समोर हात वर करून कोणी जिंकत नसतो, आणि कम्युनिस्टांचे 27 म्हणजे विरोधी पक्ष म्हणून मान्यतेला लागणारा दहावा हिस्साही नव्हता. मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता लोकसभेत 1969 पर्यंत नव्हताच. सरकारला त्या लोकसभेत सगळ्यात जोरात दणका बसला तो मुंदडा प्रकरणात. तो दिला फिरोज गांधींनी, आणि ते काँग्रेसच्याच बाकावर बसत. आयुर्विमा महामंडळाचा पैसा मुंदडांच्या कंपन्यांत कसा गेला ते त्यांनी काढलं, छागला आयोग बसला आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी गेले. पण द्विभाषिक मोडलं ते भाषणांनी नाही, 1957 च्या निकालांनी. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचे बुरूज ढासळले, खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कऱ्हाडात जेमतेम वाचले. पुन्हा निवडणुकीला असं सामोरं जायचं नाही हे दिल्लीला कळलं. समितीचे खासदार तिथे बसलेले दिसत होते, एवढा उपयोग पुरेसा होता.

आणि हो, हे सगळं पश्चिम महाराष्ट्रापुरतं. विदर्भात आणि मराठवाड्यात काँग्रेस बरीचशी टिकली होती, म्हणूनच मुंबई राज्यात तिचं सरकार राहिलं. विदर्भातल्या कोणी हे वाचून "आमच्याकडे असं नव्हतं" म्हटलं तर ते खरं आहे. 1962 ला काँग्रेसची लाट सगळीकडेच होती आणि तीत डांगेसुद्धा पडले, हेही सांगायला हवं, नाहीतर आतेभाऊ तेवढंच धरून बसेल. पण लाटेत नाथ पै तरले की नाही? आधी त्याचं उत्तर दे म्हणावं, मग अंगठा पाठव.