महाराष्ट्र एकीकरण समितीच्या (सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या संघटनेच्या) मोर्चात असलेला मुलगा पुढे पोलीस प्रमुख होऊ शकतो का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून विचारलंय, म्हणून आपल्याकडचंच धरून सांगतो. हो, होऊ शकतो. जुन्या राजकीय कामावरून सरकारी नोकरी नाकारता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1983 मध्ये रामशंकर रघुवंशी खटल्यात स्पष्ट केलंय. खटला त्या रघुवंशी मास्तरच्या नोकरीचा होता.

भरती झाल्यावर मात्र पक्ष सोडावाच लागतो. आयपीएसना 1968 च्या वर्तणूक नियमांनी कुठल्याही पक्षाशी संबंध ठेवता येत नाही.

अडचण येते ती पडताळणीत. माझ्या आतेभावावर एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या, म्हणजे सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या, फेरीतली केस होती. फॉर्ममधल्या 'गुन्हा दाखल आहे का' या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं. आत्या म्हणाली, "लिही बाळा, खरं ते लिही." त्याने लिहिलं. तुम्हीही लिहाच. केसपेक्षा ती लपवणं जास्त महागात पडतं.

उलटा प्रवास मात्र नेहमीचा. मुंबईचे पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह यांनी जानेवारी 2014 मध्ये राजीनामा दिला आणि मे महिन्यात ते बागपतचे खासदार झाले, पुढे केंद्रात राज्यमंत्रीही. बेंगळुरूचे माजी पोलीस आयुक्त भास्कर राव 2022 मध्ये 'आप'मध्ये आणि वर्षभरात भाजपमध्ये गेले. वर्दी उतरवल्यावर मध्ये दोन वर्षं तरी जाऊ द्यावीत, असं मला मनापासून वाटतं. सीमाभागात लाठी आम्ही खाल्लीय, त्यामुळे ती कुणाच्या सांगण्यावरून उठली ही शंका इथे लवकर येते.