वाचकांचे प्रश्न : फ्लॅटमधला बॉर्डर कॉली

प्रश्न : बेळगावला टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. दीड वर्षाचा बॉर्डर कॉली कुत्रा पावसात, थंडीत घरीच राहिला की मुलांच्या टाचा पकडतो. काय करावं?

उत्तर : ही जात इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवर मेंढ्या वळवणारी. पळणारी टाच दिसली की तो कळप हाकतो, चावरा झालेला नसतो. मुलांनी ओरडून पळू नये, जागीच थांबावं. तुम्ही ‘बस’ म्हणा, बसला की लगेच खाऊ द्या.

बेळगावची थंडी त्याच्या दोन थरांच्या केसांना काहीच नाही, त्रास ओलीचा. फिरून आल्यावर पोट आणि बोटांमधली जागा कोरडी करा, नाहीतर त्वचेला खाज सुटते. केस भादरू नका.

रोज ४५ मिनिटांच्या दोन फेऱ्या हव्यातच. शिवाय निम्मं जेवण टॉवेलात गुंडाळून १० मिनिटं हुंगून शोधायला लावा; डोकं दमलं की तो निवतो. गुळगुळीत फरशीवर चेंडू फेकू नका, घसरून गुडघे दुखावतात. लेझरचा ठिपका तर मुळीच नको, सावल्यांमागे धावायचं वेड लागतं.

गोचिडांसाठी आयव्हरमेक्टिन हे औषध परस्पर देऊ नका. कॉली वंशातल्या काही कुत्र्यांना ते जनुकीय दोषामुळे मेंदूपर्यंत बाधतं; डॉक्टरांना जात आधी सांगा.