आर्डुइनोवरून बीसी५४७ ट्रान्झिस्टरने ५ व्होल्टचा रिले चालवायचा आहे. बेसला किती ओहमचा रेझिस्टर लावू?

५६० ओहम लावा.

रिलेची कॉइल साधारण ७० ओहमची धरली तर कलेक्टरमधून सुमारे ७१ मिलिअँपिअर जातील. बीसी५४७ ची कमाल मर्यादा १०० आहे, म्हणजे चालेल. डेटाशीटमधला २०० च्या आसपासचा गेन (कलेक्टरचा करंट बेसच्या करंटच्या किती पट) पाहून बेसला अर्धा मिलिअँपिअर पुरेल असं वाटतं, आणि बहुतेक जण इथेच फसतात. तो गेन अॅम्प्लिफायरसाठी. स्विच म्हणून ट्रान्झिस्टर पूर्ण उघडायला हवा, म्हणून गेन १० च धरायचा: बेसला ७ मिलिअँपिअर. पिनचे ५ व्होल्ट, त्यातून बेस-एमिटरचे ०.७ वजा, उरले ४.३, भागिले ७ मिलिअँपिअर, म्हणजे ६१४ ओहम. त्याखालची बाजारात सहज मिळणारी किंमत ५६०.

बेसचा करंट कमी पडला तर ट्रान्झिस्टर अर्धवट उघडतो, कॉइलला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत, रिले कधी ओढतो, कधी नाही.

आणि कृपा करून कॉइलला समांतर १एन४००७ डायोड लावाच, पट्टीची बाजू ५ व्होल्टकडे. रिले बंद होताना कॉइल उलटा मोठा व्होल्टेज फेकते, त्यात ट्रान्झिस्टर जातो.

एमिटर ग्राउंडला. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर.