बाजारभावाची स्क्रिप्ट बंद पडली, प्रोजेक्ट रेझ्युमेत टाकू का?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातला, बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. सोयाबीन-तुरीचे बाजारभाव एका संकेतस्थळावरून उचलून गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणारी पायथन स्क्रिप्ट केली. ती दर दोन सेकंदांनी चालायची. आधी 429 हा एरर कोड येऊ लागला, मग संकेतस्थळानं आमचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बंद केला. मित्र म्हणतो, प्रॉक्सी लाव, म्हणजे विनंती दुसऱ्याच पत्त्यावरून आल्यासारखी दिसेल. हा प्रोजेक्ट रेझ्युमेत टाकू का?

उत्तर : टाक, पण दुरुस्त करून. आणि प्रॉक्सीचं डोक्यातून काढ.

429 म्हणजे ‘फार वेळा विचारतोयस’. त्यासोबत बरेचदा रिट्राय-आफ्टर हेडर येतो, किती थांबायचं ते सांगणारा. तुझ्या स्क्रिप्टनं तो वाचलाच नसणार. बाजार समितीचा किमान, कमाल, सर्वसाधारण भाव दिवसाचा असतो. अडत्याला दर दोन सेकंदांनी फोन लावलास तर तोही नंबर ब्लॉकच करेल ना? संध्याकाळी एकदा विचार, आलेलं उत्तर साठवून ठेव, ग्रुपला त्यातूनच दे. वेळही बरोबर सातची नको, सात वाजून काही मिनिटांची ठेव. सातला सगळ्यांचेच क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) सुटतात.

उत्तर आलं नाही तर थांबण्याचा वेळ दरवेळी दुप्पट कर. हे किरकोळ वाटेल, पण 2003 मध्ये नेटगिअरचे राउटर वेळ विचारायला विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरकडे जात आणि उत्तर न मिळाल्यास दर सेकंदाला पुन्हा विचारत. विद्यापीठाचं नेटवर्क त्या माऱ्याखाली आलं. कुणाचाही हेतू वाईट नव्हता.

रोबोट्स डॉट टीएक्सटी (संकेतस्थळाचा कोणता भाग स्क्रिप्टनं उचलू नये ते सांगणारी फाइल) आणि वापराच्या अटी आधी वाच. यूजर-एजंटमध्ये, म्हणजे स्क्रिप्ट स्वतःची ओळख सांगते त्या ओळीत, प्रोजेक्टचं नाव आणि तुझा ईमेल दे, म्हणजे त्रास झाला तर बंद करण्याआधी संकेतस्थळवाले तुला कळवू तरी शकतील. त्याहून सरळ वाट म्हणजे एपीआय, प्रोग्रामना डेटा देण्यासाठीच ठेवलेलं दार : डेटा डॉट गव्ह डॉट इनवर मंडीभावांचा संच आहे, नोंदणी केल्यावर एपीआयची की (तुझ्यापुरता गुप्त कोड) मिळते. जिथे बंदी आली तिथल्या व्यवस्थापकांना मेल लिहून परवानगी माग. परवानगीशिवाय डेटा उतरवणं, सेवा विस्कळीत करणं यासाठी माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 मध्ये भरपाईची तरतूद आहे, हे मित्रालाही सांग.

बॅकएंड किंवा डेटा इंजिनिअरिंगच्या मुलाखतीत ‘समोरच्यानं ब्लॉक केलं तेव्हा काय केलंस?’ हा प्रश्न आला, तर तुझ्याकडे खरं उत्तर असेल. भाव दाखवणारे प्रोजेक्ट पुष्कळ येतात, असं उत्तर क्वचित येतं. कोड गिटहबवर सगळ्यांना दिसेल असा टाकताना मात्र एपीआयची की त्यात राहू देऊ नकोस. पोरं हमखास विसरतात.