सारसाची अंडी उचलून द्यावी का?

प्रश्न : आमच्या धानाच्या बांधीत सारसाच्या जोडीने घरटं केलं आहे. दोन अंडी आहेत. निंदणाच्या बाया जवळ गेल्या की बसलेला पक्षी उठतो. मुलगा म्हणतो, अमेरिकेत अशी अंडी काढून माणसांनी पिल्लं वाढवली. आपणही अंडी वनविभागाला नेऊन द्यावी का?
– एक शेतकरी, गोंदिया जिल्हा

उत्तर : दादा, अंड्यांना हात लावू नका.

मुलगा म्हणतो ते खरं आहे, पण पुढची गोष्टही त्याला सांगा. व्हूपिंग क्रेन हा सारसाचाच भाऊबंद. १९४१ साली ते जेमतेम वीस-बावीस उरले होते. दोन अंड्यांतून बहुधा एकच पिल्लू जगतं, म्हणून १९६७पासून कॅनडातल्या वुड बफेलोच्या दलदलीतल्या घरट्यांतून एकेक अंडं उचललं गेलं. पिल्लाने माणसाला आई समजू नये म्हणून पुढे सांभाळणाऱ्यांनी पांढरे घोळदार अंगरखे घातले, हातात क्रेनच्या डोक्याची बाहुली धरून चारा भरवला. २००१पासून चिमुकल्या विमानामागे उडवत पिल्लांना विस्कॉन्सिनहून फ्लोरिडाची वाट दाखवली. ती मोठी झाली, जोड्या जमल्या, अंडीही झाली. पण त्यांच्या हातून पिल्लं फारशी जगली नाहीत. २०१६मध्ये विमान थांबवलं. आणि आईबापांमागे टेक्सासला जाणारा मूळ थवा, शिकार थांबली नि पाणथळी राखल्या म्हणून, आज पाचशेवर गेला आहे.

महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे, तेही मोजके. तुमच्या पिल्लांना आईबाप आहेत. त्यांनाच वाढवू द्या.

आमच्या मामाच्या बांधीत असंच घरटं होतं. खाटेएवढा गवताचा ढीग, भोवती पाणी. मामाने चार बांबू रोवले, त्याच्या आत कुणी पाय टाकला नाही. तेवढं धान गेलं म्हणून मामी आधी हळहळली. मग तीच रोज सकाळी धुऱ्यावरून पाहून यायची. एक पक्षी उठायचा, चोचीने अंडं हलकेच फिरवायचा, आणि दुसरा येऊन बसायचा.

तुम्हीही तेवढी जागा निंदणातून सोडा. महिनाभराचा प्रश्न आहे. जवळ फवारणी नको. बांधीतलं पाणी एकदम काढून टाकू नका, कोरड्यातून कुत्री घरट्यापर्यंत पोचतात. फार चढलं तर थोडं काढा, अंडी बुडतात. वनविभागाला खबर जरूर द्या. पिल्लं निघाली की थोड्याच दिवसांत शेजारच्या बांधीत शिरतील, तेव्हा शेजाऱ्यालाही आत्ताच सांगून ठेवा.

वरून विजेची तार लोंबत असेल तर उद्याच वीज कार्यालयात लेखी अर्ज द्या. आपल्या जिल्ह्यात तारेला लागून सारस मेले आहेत. पिल्लू तीनेक महिन्यांत उडू लागतं. त्याआधी ती तार ताणून घेतलीच पाहिजे.