शेतातले दगड घ्या की भिंतीला!

प्रश्न: शेत साफ करताना ढीगभर दगडगोटे निघालेत, याची तीन फूट उंच कुंपणभिंत होईल का? सिमेंट लागेलच ना?

उत्तर: होईल की, आणि सिमेंट अजिबात लागत नाही! याला गडगा म्हणतात, नुसता दगडावर दगड. आधी वरची भुसभुशीत माती काढून टणक जमीन लागेपर्यंत चर खणा, सगळ्यात मोठे धोंडे तळाला टाका. तळाची रुंदी दोन फूट ठेवा आणि चढताना दोन्ही बाजूंनी दर फुटाला दोन इंच आत या, म्हणजे माथा एक फुटाचा राहतो आणि भिंत स्वतःच्याच वजनाने आत रेलते.

खरी गोम सांध्यात आहे. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड बसलाच पाहिजे, उभा सांधा सरळ वर जात राहिला की भिंत तिथेच फाटते, आणि दगडाची लांब बाजू भिंतीच्या आत जाऊ द्या, बाहेरून छान दिसावी म्हणून आडवी लावायचा मोह होतो तो टाळा प्लीज. दोन्ही बाजूंच्या दगडांमधल्या पोकळीत दगडाच्या चिपा हाताने ठासून भरा, माती नको, ती पावसात वाहून जाते. निम्म्या उंचीवर दर तीन फुटांवर आरपार जाणारा लांब दगड टाका. गुळगुळीत गोल गोटे मात्र घसरतात, ते पोटात भरा.

पाणी फटींतून निघून जातं म्हणून मागे दाब साठत नाही, मला तर हेच सगळ्यात आवडतं. युनेस्कोनेही २०१८ मध्ये युरोपातल्या काही देशांची ही कला वारसा यादीत घेतली.